उत्खनकाच्या कुदळीखालचे आजचे शहर

दिनांक २१ फेब्रुवारी १९७८ रोजी मेक्सिको शहराच्या जुन्या भागात, ग्वातेमाला आणि आर्हेन्तिना या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, वीज कंपनीचे मजूर केबल टाकण्यासाठी चर खणीत होते. सुमारे दोन मीटर खोलीवर त्यांच्या हत्याराला कोरीव दगड लागला. माती बाजूला सारल्यावर सव्वातीन मीटर व्यासाची आणि आठ टनांच्या आसपास वजनाची एक वर्तुळाकार शिळा उघडी पडली. तिच्यावर आझ्टेक लोकांची चंद्रदेवता कोयोल्शाऊकी छिन्नभिन्न अवस्थेत कोरलेली होती. त्याच वर्षी एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली तेथे मोठे उत्खनन सुरू झाले आणि आझ्टेक राजधानीचे मुख्य मंदिर, जे चारशे वर्षांहून अधिक काळ शहराच्या पोटात गाडलेले होते, ते पुन्हा सूर्यप्रकाशात आले.

ही हकीकत पुरातत्त्वाच्या वर्गांत नेहमी सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखी आहेच. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच कोणी सांगतो. वीज कंपनीचा चर जर देवतेपर्यंत पोहोचू शकतो, तर देवतेच्या शोधात निघालेल्या उत्खनकाची कुदळही वीज कंपनीच्या केबलपर्यंत पोहोचू शकते. जमिनीला दोघेही सारखेच. केबल टाकणाऱ्याला खाली प्राचीन वस्तू असेल याची कल्पना नसते आणि प्राचीन वस्तू शोधणाऱ्याला वर केबल असेल याचे स्मरण नसते. पहिल्या विसराळूपणात इतिहासाची हानी होते. दुसऱ्यात माणूस मरतो.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या विसराळूपणाविषयी थोडे विस्ताराने लिहावयाचे योजिले आहे. आमच्या बडोद्यातील वाचकांना हा विषय परका वाटू नये. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या वतीने डॉ. बी. सुब्बाराव यांनी १९५१-५२ मध्ये बडोदे परिसरात उत्खनन केले व १९५३ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्या कामात ज्या अकोट्याचे नाव पुढे आले, ते अकोटा त्या वेळी शहराबाहेरचे गाव होते. आज तेथे उंच इमारती, रुंद रस्ते आणि दुकानांच्या रांगा आहेत. म्हणजेच त्या रस्त्यांखाली पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, विजेच्या केबली, दूरध्वनीच्या आणि काचतंतूच्या तारा, आणि गॅसचे नळ आहेत. नळावाटे घरोघरी गॅस पुरविणाऱ्या देशातील अगदी आरंभीच्या शहरांत बडोद्याची गणना होते, ही गोष्ट अभिमानाची. पण खणणाऱ्याने ती भीतीपोटीही ध्यानात ठेवावी. वडनगरसारख्या नांदत्या गावातही अलीकडच्या वर्षांत मोठी उत्खनने झाली आहेत. ओसाड टेकाडावर तंबू ठोकून निवांत खणण्याचे दिवस संपले असे नाही, पण पुष्कळसे काम आता माणसांच्या दारात करावे लागते.

“आम्ही तर करणीने आणि ब्रशाने काम करतो. दिवसाला दोन बोटे माती काढतो. आम्हांला कसली केबल लागणार?” हा प्रश्न मला अनेक विद्यार्थ्यांनी विचारला आहे, आणि तो विचारणारा विद्यार्थी बहुधा हुशार असतो. त्याला उत्तर असे. करणी आणि ब्रश केव्हा बाहेर निघतात? प्राचीन थर लागल्यावर. त्याच्या वरचा जो हात-दीड हाताचा थर असतो, गवताची मुळे, राडारोडा, सिमेंटचे तुकडे, काचा, प्लास्टिकच्या पिशव्या, तो आपण कसा काढतो? कुदळीने, पहारीने, आणि शक्य तितक्या लवकर. कारण मोसम लहान, पैसा थोडा आणि त्या थरात आपल्याला रस नसतो. वृत्तांतात त्याची नोंदही ‘वरचा विस्कळीत थर’ एवढ्या तीन शब्दांत होते. आणि नेमक्या त्याच थरात आजच्या शहराचे सारे मज्जातंतू पसरलेले असतात. भारतीय मानक क्रमांक १२५५ (१९८३) प्रमाणे कमी दाबाची विद्युत् केबल ७५ सेंटिमीटर खोल, ११,००० व्होल्टपर्यंतची ९० सेंटिमीटर खोल आणि २२ व ३३ हजार व्होल्टची १ मीटर ५ सेंटिमीटर खोल टाकावी असा दंडक आहे. गॅसचे नळही सर्वसाधारणपणे मीटरभर खोलीच्या आसपास असतात. म्हणजे जेथे आपण सर्वांत निष्काळजीपणे खणतो तेथेच ते आहेत, आणि जेथे सर्वांत जपून खणतो तेथे बहुधा ते नाहीत.

बरे, हे आकडेही केबल टाकतानाचे. त्यानंतर रस्ता उंचावला जातो किंवा खरवडला जातो. पुराने काठ वाहून जातो. टेकाडाच्या उतारावरची पांढरीची माती गावकरी शेतात घालण्यासाठी गाडीने नेतात. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून ती नेण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. पाऊण मीटर खोल टाकलेली तार मग दहा वर्षांनी वीतभर मातीखाली आलेली असते. खोलीच्या आकड्यावर विसंबून ‘अजून दोन फूट तरी निर्धास्त खणा’ असे मजुरांना सांगणे हा गुन्हा समजावा.

तेव्हा काम जागेवर नव्हे, कार्यालयांत सुरू होते. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा १९५८ चा कायदा आणि १९५९ चे नियम यांप्रमाणे उत्खननाचा परवाना घ्यावा लागतो, हे सर्वांना माहीत असते. परवाना हाती आला की आता सर्व मार्ग मोकळा असे वाटते. परंतु त्या परवान्याचा खालच्या नळ-तारांशी काही संबंध नाही. वीज कंपनी, गॅस कंपनी, पालिकेचे पाणी व मलनिस्सारण खाते, दूरसंचार कंपन्या, आणि गावाबाहेर असल्यास तेलाच्या व वायूच्या मोठ्या वाहिन्या टाकणाऱ्या संस्था, या प्रत्येकाकडे स्वतंत्रपणे नकाशा मागावा लागतो. अमेरिकेत २००७ पासून ८११ हा एकच क्रमांक फिरविला की ज्या ज्या कंपनीची वाहिनी तेथे असेल तिचा माणूस येऊन जमिनीवर रंगाने खूण करून जातो: विजेला तांबडा, गॅसला पिवळा, पिण्याच्या पाण्याला निळा, दूरध्वनीला नारिंगी, सांडपाण्याला हिरवा, आणि खणणाऱ्याने आपली जागा पांढऱ्याने आखून द्यावयाची. आपल्याकडे २२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची मोबाईलवरील व्यवस्था सुरू झाली. खणणाऱ्याने जागा कळवावी आणि वाहिन्यांच्या मालकांपर्यंत ती वर्दी जावी असा तिचा हेतू आहे. ती जरूर वापरावी. परंतु तेवढ्यावर न थांबता स्वतः जाऊन चौकशीही करावी.

कारण नकाशे चुकतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. जुना नकाशा ज्या झाडापासून वा ज्या भिंतीपासून अंतर मोजून काढलेला असतो, ते झाड आणि ती भिंत आज नसतात. केबल टाकणाऱ्या मजुरांना वाटेत खडक लागला की ते वळसा घेतात आणि कागदावर रेघ सरळच राहते. सांध्याच्या जागी पुढे दुरुस्तीला कामी यावी म्हणून केबलचे एखादे वेटोळे मुद्दाम सोडलेले असते. आणि घरात जाणाऱ्या लहान जोडण्या तर बहुतेक नकाशांत दाखविलेल्याच नसतात. नकाशात रेघ असली तर तेथे काहीतरी आहे असे समजावे. रेघ नसली तर तेथे काही नाही असे मात्र कदापि समजू नये.

नकाशा हाती घेऊन मग जागेवरून पायी फिरावे, आणि घाई न करता फिरावे. मॅनहोलची झाकणे, नळाचे चेंबर, व्हॉल्व्हची पेटी, रस्त्यावरील दिव्याचे खांब, विजेची डबडी, भिंतीवरून खाली उतरून जमिनीत शिरणारा नळ, डांबरावरील ठिगळाची लांबट पट्टी, जेथे माती किंचित खचली आहे किंवा गवत अधिक हिरवे आहे अशी रेघ: या खुणा म्हणजे शिलालेखच. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला शेतातील पिकाच्या रंगावरून खालची भिंत ओळखण्यास आपण शिकवितो. तीच विद्या येथे उपयोगी पडते. दिव्याचे दोन खांब आहेत आणि वर तार नाही. मग तार कोठे आहे? याचे उत्तर मिळेपर्यंत तेथे खुंटी ठोकू नये.

आणखी एक साधन म्हणजे गावातील म्हातारी माणसे आणि पाणी सोडणारा. पाणी सोडणाऱ्याच्या डोक्यात जो नकाशा असतो तो पालिकेच्या दप्तरात नसतो. चहा पाजून त्याला सोबत फिरवावे.

यंत्रांविषयी दोन शब्द. केबल शोधण्याचे हातात धरावयाचे यंत्र मिळते. तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाभोवती जे चुंबकीय क्षेत्र असते ते या यंत्राला कळते. यावरूनच त्याची मर्यादाही ध्यानात यावी: केबल जिवंत आहे पण त्या घटकेला तिच्यातून प्रवाह वाहत नाही, उदाहरणार्थ दुपारी बंद असलेल्या रस्त्याच्या दिव्यांची केबल, तर यंत्र मुकेच राहील. यासाठी त्याच्या जोडीला एक लहान प्रेषक येतो. तो ठराविक संकेत तारेत वा धातूच्या नळात सोडतो आणि मग यंत्र त्या संकेताचा माग काढते. प्रेषक सोबत न घेता नुसते यंत्र फिरविणे म्हणजे अर्धे काम. आणि प्लास्टिकचा नळ या यंत्राला दिसतच नाही, जोपर्यंत टाकतानाच त्याच्यासोबत धातूची तार टाकलेली नसेल. आज गॅसचे आणि पाण्याचे कितीतरी नळ प्लास्टिकचे आहेत. जमिनीत रेडिओलहरी सोडणाऱ्या रडारने प्लास्टिकही दिसू शकते, परंतु ओल्या चिकण मातीत त्या लहरी लवकर विरतात. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. पुरातत्त्वज्ञ चुंबकमापकाने जागेची जी पाहणी करतात तिच्यात लोखंडी नळ मोठ्या ठळकपणे उमटतो, इतका की त्याच्या आजूबाजूच्या भट्ट्या व चुली त्याच्या तेजात लोपून जातात. पाहणी करणारा त्या रेघेवर चिडतो आणि ती आलेखातून पुसून टाकतो. तसे करू नये. ती रेघ वेगळ्या कागदावर उतरवून मुकादमाच्या हाती द्यावी.

आता एका अशा गोष्टीकडे वळू, जिच्याकडे माझे स्वतःचे लक्ष पुष्कळ उशिरा गेले. उत्खननात जमिनीला पहिले भोक कोण पाडतो? मजूर नव्हे. आखणी करणारा. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी आपल्याकडे रुजविलेल्या पद्धतीप्रमाणे आपण जागेचे चौकोन पाडतो, मध्ये बांध राखतो आणि चौकोनांच्या कोपऱ्यांवर खुंट्या ठोकतो. या खुंट्या पुष्कळदा लोखंडी असतात आणि घणाने ठोकलेल्या असतात. त्याच दिवशी मांडवाचे खांब पुरले जातात, तंबूच्या मेखा मारल्या जातात. ‘अजून खणण्यास आरंभ झालेला नाही’ असे आपण म्हणत असतो आणि हातभर लोखंड जमिनीत गेलेले असते. यास्तव शोधक यंत्र आखणीच्या आधी फिरवावे, नंतर नव्हे. आणि खुंट्या शक्यतो लाकडी, आखूड वापराव्या.

चौकोन आखतानाच थोडी युक्ती केली तर निम्मे संकट टळते. एखादी वाहिनी जागेतून जाते असे कळले तर ती बांधाच्या पोटात राहील अशा रीतीने चौकोन सरकवावेत. बांध आपण खणणारच नसतो. वाहिनी तेथे सुखाने झोपून राहील. मात्र असा बांध नेहमीपेक्षा रुंद ठेवावा. याचे कारण पुढे येईल.

गुजराथेतील एका नदीकाठच्या उत्खननात घडलेली गोष्ट सांगतो. त्या वेळी आखणीचे काम माझ्याकडे होते. नकाशा मागविला होता, त्यात केबल जागेच्या बाहेर पश्चिमेस दाखविली होती, आणि त्यावर मी समाधानी होतो. यंत्र आणण्यास दोन दिवस लागले असते. मी वाट पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी एका चौकोनात, गुडघाभर खोलीवर, विटांची एक सरळ ओळ लागली. विटा आडव्या, एकीला एक चिकटून, नीट मांडलेल्या. तेथील विद्यार्थिनीला वाटले, ही एखादी मोरी असावी किंवा फरसबंदीची कड. ती आनंदाने मला बोलावण्यास निघाली. एक मजूर त्या विटेखाली काय आहे हे पाहण्यासाठी पहारीचे टोक फटीत घालीत होता. पाय अनवाणी, माती ओलसर. आमचे मुकादम मूळचे खानदेशातील, उत्खननांवर जन्म गेलेला माणूस. ते दुरून ओरडले, “अरे, हात आवर! बाहेर नीघ आधी!” मग खड्ड्याच्या काठावर बसून ते विद्यार्थिनीला शांतपणे म्हणाले, “ताई, ही वीट आपल्या कामाची नाही. वीट मोजा आणि वाळू बघा.”

तिने मोजले. वीट नऊ इंच लांब, साडेचार रुंद. आपल्या भागातील क्षत्रपकालीन वीट सव्वा-दीड फुटांपर्यंत भरते, हे तिला ठाऊक होते. आणि विटांच्या फटीतून जी वाळू दिसत होती ती स्वच्छ, चाळलेली, कोरडी, तिच्यात एकही खापर नाही. आपल्याकडे जमिनीत केबल टाकताना खाली वाळूचा थर देतात, वर पुन्हा वाळू घालतात आणि तीवर विटा मांडून मग चर बुजवितात. विटा याचसाठी की पुढे कोणी खणलेच तर त्याला आधी वीट लागावी. त्या विटेखाली वीतभरावर ११,००० व्होल्टची केबल होती, हे दुपारी वीज कंपनीच्या माणसांनी येऊन सांगितले. नकाशापेक्षा ती दोन मीटर पूर्वेला होती. तो मजूर त्या रात्री घरी गेला, जेवला, झोपला. त्याला हे सारे किती जवळून गेले याची कल्पना मी दुसऱ्या दिवशी दिली. तो हसला. मला मात्र त्यानंतर किती तरी दिवस पहारीचे ते टोक दिसत असे.

या गोष्टीतून जे शिकण्यासारखे आहे ते उत्खनकाच्या अगदी घरचे आहे. केबलचा चर म्हणजे शेवटी काय? जुने थर कापून खाली गेलेला एक खड्डा आणि त्यात भरलेली निराळी माती. धान्याचा बळद, खांबाचे भोक, दगडचोरांनी भिंत उपटून नेल्यावर उरलेली खाच, हे सारे आपण मातीच्या रंगावरून आणि पोतावरून ओळखतो. तसाच हाही ओळखावा. वरचा राडारोडा काढल्यावर लगेच पुढे न जाता चौकोनाचा तळ एकदा करणीने स्वच्छ खरवडून घ्यावा व पाणी शिंपडून पाहावा. सरळ, समांतर कडांची, दीड-दोन फूट रुंदीची, भुसभुशीत आणि सरमिसळ मातीची पट्टी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जाताना दिसली, की ती आजची समजावी आणि काम थांबवावे. त्या पट्टीत तळाकडे स्वच्छ वाळू, विटांची वा सिमेंटच्या फरशांची ओळ, अर्धगोल कौले किंवा छापील प्लास्टिकची फीत लागली तर मग शंकेला जागा नाही. थर वाचण्याचा अभ्यास हे पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याचे असे शस्त्र आहे, जे रस्ता खणणाऱ्या ठेकेदाराकडे नसते. ते आपण फक्त प्राचीन थरांसाठी राखून ठेवतो, ही खेदाची गोष्ट.

हत्यारांच्या बाबतीत आपली पहार ही सर्वांत वाईट. ती डोक्यापासून टोकापर्यंत अखंड लोखंड. कुदळीला निदान लाकडी दांडा असतो. वाहिनीचा संशय असलेल्या जागेत पहार, कुदळ, टिकाव ही टोकदार हत्यारे बाजूला ठेवून, ज्याच्या पात्याची कड बोथट वा गोलसर आहे आणि दांडा कोरडा व विद्युत्‌रोधक आहे अशा फावड्याने, हलक्या हाताने खणावे. आणि वाहिनीच्या डोक्यावरून थेट खाली खणू नये. तिच्या शेजारून खाली जाऊन मग बाजूने माती सोडवीत तिच्याकडे यावे. ब्रिटनमधील सुरक्षा मार्गदर्शिकेत यंत्राने खणणे केबलच्या रेघेपासून अर्ध्या मीटरच्या आत निषिद्ध मानले आहे. वरचा थर काढण्यासाठी जेसीबी लावण्याची जी प्रथा आपल्याकडे वाढली आहे, तिने हे अंतर ध्यानी घ्यावे. मजुराला पायात काहीतरी द्यावे हे निराळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

वाहिनी उघडी पडल्यावर तिला मोकळे लोंबकळत ठेवू नये. खाली आधार द्यावा, पण तो कोणत्या प्रकारे द्यावयाचा हे तिच्या मालकाने ठरवावे. तिच्यावर पाय देऊन खड्ड्यात उतरणे, तिला छेदाची दोरी बांधणे, घमेली टेकविणे, हे प्रकार मी पाहिलेले आहेत. ती गंजलेली आहे, फाटलेली आहे, तेव्हा निकामीच असणार, असेही कोणी म्हणतो. टाकून दिलेली म्हणून समजलेली केबल जिवंत निघाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. मालकाने लेखी कळवीपर्यंत प्रत्येक तार जिवंत.

आता समजा, घाव बसलाच. केबल तुटली तर विजेच्या धक्क्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धोका भाजण्याचा असतो. दोन तारा एकमेकींना भिडून जो लोळ उठतो त्याने तोंड, छाती आणि हात भाजतात. त्या ठिकाणापासून सर्वांनी दूर व्हावे, अडकलेले हत्यार ओढून काढू नये, आणि आजूबाजूचे दिवे गेले म्हणून केबल मेली असे मानू नये. वीजकेंद्रातील यंत्रणा थोड्या वेळाने आपोआप पुन्हा प्रवाह सोडू शकते. कोणी चिकटले असेल तर प्रवाह बंद झाल्याची खात्री होण्याआधी त्याला हात लावणारा दुसरा बळी ठरतो.

गॅसची गोष्ट अधिक फसवी, कारण तेथे आवाज होईलच असे नाही. नळातून येणारा गॅस मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून गंधयुक्त द्रव्य मिसळतात. परंतु मातीतून झिरपताना तो गंध माती शोषून घेऊ शकते, म्हणून वास आला नाही हा पुरावा नव्हे. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. तो हवेहून हलका असल्याने उघड्यावर वर निघून जातो. पण जुन्या चराच्या भुसभुशीत मातीतून, गटारातून, तो दूरवर सरकून एखाद्या घराच्या तळघरात साठू शकतो. यासाठी नळाला लागल्याची नुसती शंका आली तरी विडी-काडी, मोबाईल, पंप आणि जनित्राची बटणे यांना हात न लावता सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जावे, शेजारच्या घरांना उठवावे, आणि मग लांबून गॅस कंपनीला आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. स्वतः माती लोटून भोक बुजविण्याचा पराक्रम करू नये. नळ नुसता दबला वा खरचटला असेल तरीही कळवावेच. आज लपविलेला ओरखडा पुढे केव्हातरी फुटतो, आणि तेव्हा तेथे दुसरीच माणसे असतात.

पाण्याचा नळ फुटला तर तो निरुपद्रवी वाटतो. तसे नाही. खोल खड्ड्यात पाणी शिरले की छेदाच्या भिंती ढासळतात. माणसे आधी बाहेर, खापरांच्या पिशव्या मागाहून. सांडपाण्याची वाहिनी फुटल्यास विषारी वायू आणि उंदरांच्या मुत्रातून पसरणारा ताप, दोन्हींचे भय असते. काचतंतूची केबल तुटली तर तिच्या टोकात डोळा घालून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

भिंती ढासळण्याचा उल्लेख आला म्हणून मघाशी राहिलेले कारण सांगतो. आपण ज्या सरळ उभ्या छेदाचा अभिमान बाळगतो, त्याच्या मागे हातभर अंतरावर जर जुना चर असेल, तर ती भिंत म्हणजे एक पातळ पापुद्रा असतो. पुढून दिसतात हजार वर्षांचे घट्ट थर, आणि पाठीमागे काल-परवा भरलेली मोकळी माती, कदाचित गळक्या नळाने भिजलेली. अशी भिंत कसलीही सूचना न देता सबंधच्या सबंध पुढे येते. घनमीटरभर मातीचे वजन दीड टनाहून अधिक असते; छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. दीड मीटरहून खोल चराला आधार द्यावा असे खोदाईच्या सुरक्षेविषयीचे भारतीय मानक सांगते. शेजारी वाहिनी असेल तर त्या मर्यादेपर्यंतही थांबू नये, एक तर बांध रुंद ठेवावा किंवा भिंतीला पायऱ्या पाडाव्या. छायाचित्र थोडे कमी देखणे येईल.

मोसम संपला, खड्डे बुजविण्याची वेळ आली, की सर्वांचे चित्त घराकडे लागलेले असते. या वेळी वाहिनीभोवतीची वाळू, विटा आणि फीत होती तशी मालकाच्या माणसासमक्ष परत घातली गेली पाहिजे. आपण विटा काढल्या आणि नुसती माती लोटली, तर पुढील खणणाऱ्याला आपल्याला मिळाली तेवढीही सूचना मिळणार नाही. आणि वाहिनी प्रत्यक्ष जेथे सापडली ती जागा व खोली मोजून, आपल्या आराखड्याची एक प्रत वीज कंपनीला द्यावी; तिच्या नकाशातील दोन मीटरांची चूक दुरुस्त करण्याची ही एकच संधी असते.

त्या नदीकाठच्या जागी आम्ही तेच केले. चौकोन तीन मीटर पूर्वेला सरकविला, यंत्र आणविले, आणि मग उरलेला मोसम पार पडला. ज्या अर्धवट खड्ड्यात विटा लागल्या होत्या त्याचाही छेद त्या विद्यार्थिनीने काढला. केबलच्या चराला तिने थर क्रमांक २ दिला, त्याच्या कडा, वाळू, नऊ इंची विटा, सर्व काही प्राचीन थरांइतक्याच निष्ठेने रेखाटले, आणि शेजारी तपशिलाच्या रकान्यात मुकादमांचे नाव लिहिले.